इडा, पिंगला आणि बँकॉक

'थाई मसाज' हे दोन शब्द मराठीत सरळ चेहऱ्याने उच्चारणं अवघड होऊन बसलं आहे. कोणी बँकॉकला निघालं की ऑफिसच्या ग्रुपवर डोळे मारणाऱ्या इमोजींची रांग लागते. शहर पुरवणीत अधूनमधून 'स्पाच्या नावाखाली' अशी सुरुवात असलेली बातमी येते, आणि पुढचं न वाचताही कळतं. कोपऱ्यावर नवं दुकान उघडलं, काचेला काळी फिल्म लागली आणि दाराशी बुद्धाचं डोकं आलं, की सोसायटीच्या मीटिंगला विषय मिळतो.

दुसरीकडे, डिसेंबर २०१९मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात युनेस्कोची बैठक झाली आणि 'नुआत थाई', म्हणजे पारंपरिक थाई मालिश, मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. याच यादीत आपला योग २०१६पासून आहे. योगाची चटई पसरली की आपण गंभीर होतो, मालिशची पसरली की हसतो. हे हसू कुठून आलं, आणि ज्याला आपण हसतो ते नेमकं काय आहे, हे शोधायला गेलं तर बरंच मागे जावं लागतं. गंमत म्हणजे त्या वाटेवरच्या कितीतरी पाट्या आपल्याला वाचता येतात.

थाई लोक या मालिशला 'नुआत फेन बोरान' म्हणतात. नुआत म्हणजे मालिश, फेन म्हणजे पद्धत, आणि बोरान म्हणजे आपलं 'पुराण', जुनं. वैद्याला ते 'फेत' म्हणतात, औषधाला 'ओसोत', धातूला 'थात', रोगाला 'रोक'. ऋषी तिथे 'रुसी' झाला आहे आणि गुरू 'ख्रू'. एखादा दूरचा चुलत भाऊ लग्नात भेटावा, नाक आजोबांचं पण बोलणं भलत्याच गावचं, तसं या शब्दांकडे बघून वाटतं.

ज्यांनी हे मालिश कधी घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन. तेल नाही. कपडे काढायचे नाहीत, उलट ढगळ सुती कपडे घालायला देतात. जमिनीवर चटई किंवा पातळ गादी. सुरुवात पायांपासून. मालिश करणारी व्यक्ती अंगठ्याने, तळहाताने, कोपराने, गुडघ्याने आणि वेळप्रसंगी पायानेही दाबत दाबत वर सरकते. अधूनमधून तुमचा हात, पाय, पाठ धरून ताणते. आसनं तुम्ही करायची नसतात, ती तुमच्याकडून करवून घेतली जातात. सगळा जोर हाताचा नसतो. करणारी व्यक्ती स्वतःच्या शरीराचं वजन अंगठ्यावर सोडते, म्हणून पन्नास किलोची बाई शंभर किलोच्या पर्यटकाला तासभर मळू शकते.

हे दाबणं वाटेल तिथे होत नाही. थाई परंपरेप्रमाणे शरीरात ७२,००० 'सेन' आहेत, म्हणजे रेषा किंवा वाहिन्या. हठयोगाच्या ग्रंथांत नाड्यांची संख्या ७२,०००च सांगितली जाते. एवढ्या सगळ्या कोण दाबणार, म्हणून त्यांतल्या दहा मुख्य मानल्या: 'सेन सिप', दहा रेषा. पहिलीचं नाव इत्था, दुसरीचं पिंगखला, तिसरीचं सुमना. इडा, पिंगला, सुषुम्ना. इत्था डाव्या नाकपुडीशी संपते आणि पिंगखला उजव्या नाकपुडीशी, अगदी आपल्याकडे सांगतात तसंच. आणखी एकीचं नाव 'सहतसरंगसी', म्हणजे सहस्ररश्मी. सूर्याचं नाव असलेली ही रेषा डाव्या डोळ्यापाशी जाऊन थांबते.

इथपर्यंत वाचून 'म्हणजे सगळं आपलंच' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. व्हॉट्सअॅपवर तो काढूनही झालेला असेल. पण नावं सारखी असली तरी नकाशा वेगळा आहे. योगातली सुषुम्ना पाठीच्या कण्यातून जाते, थाई सुमना बेंबीपाशी सुरू होऊन पोटाच्या, छातीच्या बाजूने जिभेच्या मुळाशी पोचते. इत्था आणि पिंगखला बेंबीकडून आधी मांड्यांत उतरतात, मग मागून वळून कण्याच्या बाजूने डोक्याकडे चढतात. चक्रं नाहीत, कुंडलिनी नाही. योग्याला नाड्या शुद्ध करून मोक्षाकडे जायचं असतं. भातलावणी करून आलेल्या थाई शेतकऱ्याला गुडघा सरळ व्हायला हवा असतो. कुठल्यातरी काळात नावांचा हा संच समुद्र ओलांडून गेला आणि तिथे आधीपासून असलेल्या कामाला चिकटवला गेला, असं मला जास्त पटतं. कोड तिथलंच, व्हेरिएबलची नावं तेवढी बाहेरून आलेली.

या सेनमधून काय वाहतं? 'लोम', म्हणजे वारा. थाई वैद्यक चार धातू मानतं: दिन, नाम, लोम, फाय, माती, पाणी, वारा, अग्नी. आयुर्वेदातलं पाचवं आकाश इथे नाही, कारण हा हिशेब बौद्ध परंपरेतल्या चार महाभूतांचा आहे. लोम अडला की दुखतं, लोम मोकळा झाला की बरं वाटतं. आपली आजी 'वात धरलाय' म्हणून गुडघा दाखवते, तेव्हा ती फार वेगळं बोलत नसते. शवविच्छेदनात सेन कधी सापडली नाही आणि सापडणारही नाही. पण स्नायूंची टोकं, सांध्यांभोवतीचे पट्टे, शिरांच्या वाटा यांच्यावरून शेकडो वर्षं अंगठे फिरवून काढलेला हा नकाशा कामापुरता बरा चालतो. नकाशा आणि जमीन यांतला फरक लक्षात ठेवला की झालं.

आता मूळ पुरुष. थाई मालिशच्या कुठल्याही शाळेत सकाळी एका भारतीय माणसाला नमस्कार करून दिवस सुरू होतो. त्याचं नाव शिवक कोमारपत, म्हणजे जीवक कोमारभच्च. बुद्धाचा वैद्य. पाली विनयपिटकातल्या महावग्गात त्याची गोष्ट येते. राजगृहातल्या सालवती नावाच्या गणिकेला मुलगा झाला. तिने तो सुपात घालून उकिरड्यावर टाकायला सांगितलं. अभय राजपुत्र तिथून जात होता. कावळे जमलेले पाहून त्याने विचारलं, काय आहे? लहान मूल. जिवंत आहे का? जिवंत आहे. म्हणून नाव जीवक. राजपुत्राने त्याला वाढवलं. पुढे तो तक्षशिलेला सात वर्षं वैद्यक शिकला. परीक्षेची गोष्ट तर बऱ्याच जणांना माहीत असेल: तक्षशिलेभोवती एक योजन फिरून औषधी नसलेली वनस्पती आण, असं गुरूने सांगितलं, आणि हा रिकाम्या हाताने परत आला. गुरूने पास केलं.

महावग्गात जीवक एका व्यापाऱ्याची कवटी उघडतो, दुसऱ्याच्या आतड्याचा पीळ सोडवतो, बिंबिसाराचं भगंदर बरं करतो, उज्जैनच्या चंड प्रद्योताला फसवून तूप पाजतो आणि जीव मुठीत धरून पळतो. मालिशचा त्यात पत्ता नाही. जीवकाने थाई मालिश शोधून काढलं, ते २५०० वर्षं जुनं आहे, हे जे माहितीपत्रकांत छापलेलं असतं त्याला ग्रंथांत आधार नाही. थाई परंपरेने बुद्धाच्या वैद्याला आपल्या सगळ्याच वैद्यकाचं पितृपद दिलं, त्यात मालिशही आलं. आपल्याकडे प्रत्येक कारागिराचा मूळ पुरुष विश्वकर्मा, तसंच हे. मला मात्र या खोट्या वंशावळीत एक गोष्ट फार आवडते. ज्या धंद्यातल्या बायकांना जग वेश्या समजून हसतं, त्या धंद्याने आपला गुरू म्हणून उकिरड्यावर सापडलेलं गणिकेचं पोर निवडलं आहे.

जीवकाला बाजूला ठेवलं तर मग पुरावा काय उरतो? लेखी पुरावा तुटक आहे. आज ज्याला ईशान्य थायलंड म्हणतो तो भाग बाराव्या शतकाच्या अखेरीस ख्मेर साम्राज्यात होता, आणि तिथल्या सातव्या जयवर्मनने राज्यभर १०२ आरोग्यशाळा चालवल्याचा उल्लेख ता प्रोमच्या संस्कृत शिलालेखात आहे. म्हणजे वैद्यकाचे संस्कृत शब्द त्या भागात तेव्हा रुळलेले होते. पुढे अयुथयाच्या राजदरबारात मालिश करणाऱ्या वैद्यांचं स्वतंत्र खातं होतं, त्यांना अधिकाऱ्यांच्या उतरंडीत जागा होती. पण मालिश प्रत्यक्ष कसं चाले, हे सांगितलं एका फ्रेंच माणसाने. सिमाँ द ला लूबेर हा चौदाव्या लुईचा दूत १६८७मध्ये सयामला आला, काही महिने राहिला, आणि परत जाऊन १६९१मध्ये त्याने जाडजूड पुस्तक छापलं. त्यात तो लिहितो की सयाममध्ये कोणी आजारी पडलं की त्यातला जाणकार माणूस रोग्याचं सगळं अंग मळतो, त्याच्या अंगावर चढून पायांनी तुडवतो. गरोदर बायकाही बाळंतपण सोपं जावं म्हणून लहान मुलाला अंगावर चालायला लावतात. ला लूबेरच्या सुरातून कळतं की हे त्याला वैद्यक वाटलं नव्हतं, नवल वाटलं होतं. पण त्याने लिहून ठेवलं, हे महत्त्वाचं. कारण ऐंशी वर्षांत तिथे लिहिलेलं फारसं काही उरणार नव्हतं.

१७६७मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथया जाळलं. ग्रंथालयं गेली, कागदाच्या घडीच्या पोथ्या गेल्या, त्या वाचू शकणारी माणसं मेली किंवा पकडून नेली गेली. ज्ञान घराण्यात ठेवायचं, बाहेर सांगायचं नाही, या रीतीचा तोटा अशा वेळी दिसतो. कॉपी एकच असली आणि ती जळली, की संपलं.

नवी राजधानी बँकॉकला झाली. पहिल्या रामाने, म्हणजे चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने, राजवाड्याशेजारचा एक जुना मठ दुरुस्त करायला घेतला. त्याचं अधिकृत नाव जेतवनावरून आलेलं, 'फ्रा चेतुफोन'. लोक म्हणतात वात फो. आज पर्यटक तिथे ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध बघायला जातात. बुद्धाच्या पायांशी सेल्फी काढतात आणि निघतात. खरी मजा बाहेरच्या मंडपांच्या भिंतींत आहे.

१८३०च्या दशकात तिसऱ्या रामाने वात फोचा मोठा जीर्णोद्धार काढला. तो पंधरा-सोळा वर्षं चालला. राजा व्यापारातला माणूस, चीनशी जहाजं चालवणारा. त्याने ठरवलं की राज्यात जे जे ज्ञान उरलं आहे ते जमा करायचं आणि दगडात कोरून भिंतींना लावायचं. काव्य, छंदशास्त्र, इतिहास, धर्म, राज्यकारभार आणि वैद्यक. युनेस्कोने २०११मध्ये 'जागतिक स्मृती' नोंदवहीत घेतलेल्या या लेखांची संख्या १,४०० च्या वर आहे. औषधाचे पाठ देणाऱ्या वैद्यांकडून शपथ घेतली जात होती: हे औषध मी स्वतः वापरलं आहे, त्याने गुण आला आहे, आणि मी काही लपवून ठेवलेलं नाही. आमच्या धंद्यात कोड रिव्ह्यूला एवढी शपथ घेतली तर निम्मे प्रोजेक्ट वेळेत संपतील.

मालिशच्या पाट्या ६०. प्रत्येकीवर माणसाची आकृती, ३० समोरून आणि ३० पाठीमागून. अंगावर रेषा, रेषांवर ठिपके, आणि ठिपक्यांपासून निघालेल्या ओळींत लिहिलेलं: इथे दाबलं तर डोकेदुखी, इथे दाबलं तर पोटातला वारा, इथे दाबलं तर पायाची बधिरता. आकृत्यांत शरीररचना म्हणावी अशी काही नाही. नाचणाऱ्या बाहुल्यांसारखी ती माणसं आहेत, कमरेला वस्त्र, चेहऱ्यावर वेदनेचा लवलेश नाही. आवारातच जस्त-कथलाच्या मिश्रधातूतले ऋषी आहेत, 'रुसी दात तोन', स्वतःला वाकवणारे ऋषी. १८३६मध्ये असे ८० पुतळे ओतले गेले, प्रत्येकासोबत एक कविता: हा ऋषी कोण, कुठला अवयव ताणतो आहे, त्याने काय बरं होतं. एक गाल दाबतो आहे, एक स्वतःचाच पाय ओढतो आहे. बहुतेक पुतळे पुढे हरवले किंवा चोरीला गेले, दोन डझनांच्या आसपास राहिले. पण १८३८च्या एका पोथीत सगळ्या ८० जणांची चित्रं आणि कविता उतरवून ठेवलेल्या होत्या. बॅकअप घेणाऱ्याचं भलं होवो.

एक योगायोग इथे सांगायलाच हवा. कारागीर वात फोच्या भिंतींवर अक्षरं खोदत होते, त्याच वर्षांत त्याच शहरात डॅन बीच ब्रॅडली नावाचा अमेरिकन मिशनरी डॉक्टर छापखाना आणि शस्त्रक्रियेची पेटी घेऊन उतरला होता. १८३७मध्ये त्याने एका भिक्खूचा चिरडलेला हात कापून त्याचा जीव वाचवला. सयाममधली ती पहिली पाश्चात्त्य शस्त्रक्रिया मानतात. १८३९मध्ये राजाचा अफूबंदीचा हुकूम त्याच्या छापखान्यात ९,००० प्रतींत छापला गेला. ज्ञान टिकवायला दगड कोरणारं आणि पसरवायला कागद छापणारं, अशी दोन तंत्रज्ञानं काही किलोमीटर अंतरावर एकाच वेळी चालू होती. पुढच्या शंभर वर्षांत कोण जिंकणार हे तेव्हा कोणाला कळलं नसेल.

पण दगडाचीही एक मर्यादा आहे. ६०च्या ६० पाट्या पाठ केल्या तरी मालिश येत नाही. कुठे दाबायचं ते पाटी सांगते. किती जोराने, किती वेळ, अंगठा उभा की आडवा, समोरच्याने श्वास सोडल्यावर की घेताना, हे सांगत नाही. ते एका अंगठ्याकडून दुसऱ्या अंगठ्याकडेच जातं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कोणालाही हे सांगायची गरज नाही. डॉक्युमेंटेशन वाचून सिस्टिम चालवता आली असती तर सकाळी तीनला जुन्या माणसाला फोन कशाला लावावा लागला असता?

हे अंगठे होते कोणाचे, तर दोन प्रकारच्या माणसांचे. राजघराण्यातल्या लोकांना मालिश करणारे वैद्य गुडघ्यांवर सरकत जवळ यायचे, अंतर राखायचे, फक्त हात वापरायचे. राजाच्या अंगाला पाय लावणार कोण? या 'दरबारी' पद्धतीत ताणणं, ओढणं फार नाही. दुसरी पद्धत लोकांची. गावात कोणाची पाठ धरली की शेजारची म्हातारी यायची, कोपर लावायची, पाठीवर उभी राहायची. आज जगभर थाई मसाज म्हणून जे मिळतं, ते बहुतांशी या दुसऱ्या घराण्यातून आलेलं आहे. उत्तरेत चियांग माईकडे त्याचे आणखी प्रकार: 'तोक सेन'मध्ये चिंचेच्या लाकडाचा खुंटा सेनवर टेकवून लाकडी हातोडीने ठोकतात. 'याम खांग'मध्ये मालिशवाला तेलात पाय बुडवून तापलेल्या लोखंडावर टेकवतो आणि मग तो गरम पाय रोग्याच्या पाठीवर ठेवतो. बाळंतिणीला विस्तवाजवळ झोपवून शेकायची 'यू फाय' नावाची रीत आहे, आणि हळद, गवती चहा, चिंचेचा पाला, कापूर यांच्या गरम पुरचुंडीने शेकायचीही. आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीतला शेगडीचा आणि ओव्याचा धूर आठवला तर तो वास ओळखीचा वाटेल.

इथे मला आपल्याबद्दल एक बोलायचं आहे. चरकाने अभ्यंगाचे गुण सांगितले आहेत, संस्कृतात मालिशला 'संवाहन' असा देखणा शब्द आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त तर एक संवाहकच पात्र आहे. तो पाटलिपुत्राहून उज्जैनला येतो, चारुदत्ताचे हातपाय चेपायची नोकरी करतो, चारुदत्त गरीब झाल्यावर जुगारी होतो आणि शेवटी बौद्ध भिक्खू होतो. आपण कला म्हणून जे शिकलो ते आता पोटाचं साधन झालं, असं काहीसं तो बोलतो. ग्रंथांत एवढा मान असूनही ज्यांच्या हातात ते काम होतं ते न्हावी, सुईणी, तालमीतले वस्ताद. त्यांच्या हातातलं ज्ञान कुठल्या देवळाच्या भिंतीवर गेलं नाही. गावच्या सुईणीने कुठे दाबलं की आडवं मूल फिरतं, हे तिच्याबरोबर गेलं. सयाममध्येही समाज काही समतेचा नव्हता, गुलामी १९०५पर्यंत होती. तरीही तिथल्या एका राजाला तुडवणाऱ्या म्हातारीचं ज्ञान छंदशास्त्राच्या शेजारी लावण्याजोगं वाटलं, याची नोंद घ्यावीशी वाटते.

ही प्रतिष्ठा टिकली नाही. १८८८मध्ये चुलालाँगकोर्न राजाने बँकॉकमध्ये सिरिराज रुग्णालय उघडलं. सुरुवातीला तिथे दोन्ही वैद्यकं शिकवली गेली, पण देशी वैद्यक लवकरच अभ्यासक्रमातून बाहेर पडलं. १९२३च्या कायद्याने वैद्यकी करायला परवाना लागू लागला, १९३६मध्ये कायद्याने 'आधुनिक' आणि 'पारंपरिक' असे दोन गट पाडले. मालिशवाल्यांना कागद नव्हते. वसाहतीच्या तावडीतून सुटलेला सयाम स्वतःला आधुनिक सिद्ध करण्याच्या घाईत होता, आणि चटईवरची म्हातारी त्या चित्रात बसत नव्हती. राजदरबारातलं खातंही हळूहळू विरलं. १९५५मध्ये वात फोच्या आवारात पारंपरिक वैद्यकाची शाळा निघाली, आणि काही वर्षांनी तिथे मालिशचे वर्ग सुरू झाले, तेव्हा मधली दोन पिढ्यांची फट भरून काढायची होती.

नेमक्या याच सुमारास 'मसाज' या शब्दाचं दुसरंच काहीतरी झालं. थायलंडने १९६०मध्ये कायद्याने वेश्याव्यवसायावर बंदी घातली. मग व्हिएतनाम युद्ध तापलं. थायलंडमध्ये अमेरिकेचे हवाई तळ होते, आणि १९६७मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला की व्हिएतनाममधले अमेरिकन सैनिक 'विश्रांती आणि करमणुकी'साठी थायलंडला येतील. बंदी तर होती. पण त्याच्या एक वर्ष आधी, १९६६मध्ये, करमणुकीच्या जागांसाठी परवान्याचा कायदा आला होता, आणि त्यात नृत्यशाळा, बार यांच्याबरोबर मसाज पार्लरही होतं. कायद्याच्या दोन कलमांमध्ये एवढी मोठी फट राहिली की तिच्यातून एक अख्खा उद्योग आत आला. थाईत त्याला 'आब-ओब-नुआत' म्हणतात: आंघोळ, वाफ, मालिश. काचेपलीकडे पायऱ्यांवर नंबर लावून बसलेल्या मुली. त्यांतल्या कितीतरी ईशान्येच्या इसान भागातून आलेल्या, जिथे भाताची शेती पावसावर आणि कर्ज सावकारावर चालतं. युद्ध संपलं, सैनिक गेले, पर्यटक आले. शब्द तोच राहिला.

ग्रुपवरच्या त्या इमोजींचा उगम तिथे आहे. युद्ध, एक करार आणि परवान्याचा एक रकाना. वात फोच्या भिंतीवरच्या आकृत्यांशी त्याचा काही संबंध नाही, पण 'नुआत' हा शब्द दोघांत सामाईक, आणि किंमत मोजली चटईवाल्या बायकांनी. आमच्या इकडच्या स्पांमध्येही हेच बघायला मिळतं. मुंबई, पुणे, गोव्यात काम करणाऱ्यांत थाई बायका असतात, त्याहून जास्त मिझोराम, मणिपूर, नागालँडच्या मुली असतात. चेहरेपट्टीमुळे ग्राहकांना त्या 'थाई' वाटतात, मालकाला ते सोयीचं असतं. त्यांतली एखादी सहा महिने खरोखर शिकून आलेली असली, तरी दार उघडणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात १९६७च असतं.

१९८०च्या दशकात थायलंडमध्ये उलट वारा सुरू झाला. तो पर्यटनाने आणला असं समजलं जातं, पण सुरुवात वेगळीच होती. १९७८च्या अल्मा-आटा परिषदेनंतर प्राथमिक आरोग्यात देशी वैद्यकाचा उपयोग करा, असा सूर जगभर होता. थायलंडमधले काही डॉक्टर, फार्मासिस्ट आणि कार्यकर्ते बघत होते की खेड्यापाड्यांत अंगदुखीवर लोक वेदनाशामक गोळ्यांच्या पुड्या चहासारख्या घेतात आणि पोटाचे आजार ओढवून घेतात. शेतात राबणाऱ्याची पाठ तर दुखणारच. मग गोळीऐवजी काय? त्यांनी म्हाताऱ्या मालिशवाल्यांना शोधलं, त्यांच्याकडून शिकून घेतलं, शरीरशास्त्राशी ताडून पाहिलं, कुठे दाबणं धोक्याचं ते ठरवलं आणि अभ्यासक्रम बांधला. गळ्याच्या शिरांवर जोर नको, ताप असताना नको, हाड मोडलेलं असताना नको, असे साधे नियम त्यातून आले. मालिशच्या इतिहासात मला हा काळ सगळ्यात जास्त आदराचा वाटतो, आणि माहितीपत्रकांत तो सगळ्यात कमी सापडतो. जीवकाचं चित्र छापायला सोपं असतं.

पुढचं भराभर झालं. १९९३मध्ये आरोग्य मंत्रालयात पारंपरिक वैद्यकाची संस्था आली. १९९७मध्ये थाई बातचं मूल्य कोसळलं, देशाला परकी चलन हवं होतं, आणि स्पा हा निर्यात करण्याजोगा माल ठरला. १९९९मध्ये पारंपरिक वैद्यकाच्या ज्ञानाच्या संरक्षणाचा कायदा झाला, म्हणजे या ज्ञानाचं पेटंट बाहेरच्या कोणी घेऊ नये याची तजवीज. २०१६मध्ये आरोग्यासाठीचं मालिश आणि करमणुकीची जागा यांना वेगवेगळे कायदे लागू झाले. १९६६ची ती फट बुजवायला पन्नास वर्षं लागली. सरकारमान्य १५० तासांचा अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र मिळतं. रुग्णालयात उपचार म्हणून मालिश करायचं तर त्याहून कितीतरी जास्त शिकावं लागतं.

चियांग माईच्या महिला तुरुंगात ज्यांची शिक्षा संपत आली आहे अशा कैद्यांना हे मालिश शिकवतात, आणि तुरुंगाच्याच केंद्रात त्या बाहेरच्या लोकांना मालिश करतात. पर्यटकांची तिथे गर्दी असते. पैसे त्यांच्या नावाने जमा होतात. सुटल्यावर मात्र अडचण यायची: प्रमाणपत्र आहे, हात तयार आहे, पण तुरुंगातून आलेलीला दुकानात ठेवायला कोणी तयार नाही. शेवटी तुरुंगाच्या एका माजी संचालिकेनेच सुटून आलेल्या बायकांसाठी मालिशची दुकानं काढली. शहरात आज त्यांच्या शाखा आहेत. एका तासाचे पैसे ग्राहक देतो त्यातला काही हिस्सा दुकानाचा, उरलेला आणि टिप तिची. दिवसाला पाच-सहा तास अंगठे चालवले की संध्याकाळी ते स्वतःच दुखायला लागतात. अनुभवी बायका म्हणूनच अंगठा वाचवून कोपर वापरायला शिकतात.

युनेस्कोच्या यादीत नाव आलं डिसेंबर २०१९मध्ये. मार्च २०२०मध्ये बँकॉकची मालिशची सगळी दुकानं बंद झाली. स्पर्श हाच ज्यांचा धंदा, त्यांना स्पर्शबंदी. घरून काम करण्याची सोय आम्हाला होती, त्यांना नव्हती, आणि हजारो बायका इसानमधल्या आपापल्या गावी परतल्या. जूनमध्ये पारंपरिक मालिशची दुकानं उघडायला परवानगी मिळाली. 'आब-ओब-नुआत'वाल्यांना आणखी महिनाभर थांबावं लागलं, त्यांचा रकाना बार आणि नाइटक्लबांच्या ओळीत होता. देशाच्या सीमा अजून बंदच होत्या. त्यामुळे मास्क लावून चटईवर आडवी होणारी गिऱ्हाइकं आता शहरातलीच होती, पाठ दुखणारी, मान आखडलेली, आणि मालिशवालीशी तिच्याच भाषेत गावाकडच्या पावसाची चौकशी करणारी.